स्टेपनीखालचे आकडे

चंदनसावरगाव मागे टाकलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक पार जमिनीला टेकलेलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. एक वाजता केजच्या कॉलेजात माझा तास होता आणि तिथले हेडक्लार्क ढाकणे एक वाजून पाच मिनिटांनी मस्टर कपाटात ठेवून कुलूप लावत. मस्टर कपाटात गेलं की तो तास झालाच नाही, मग मी वर्गात घसा फोडून शिकवलेलं असो.

सप्टेंबर संपत आला होता, ऊन मात्र चांगलंच चटके देणारं होतं. मी डिकी उघडली, रबरी मॅट बाजूला फेकली, स्टेपनीचा नट ढिला केला. गाडी घेऊन चार महिने होत आले होते, पण स्टेपनी काढायची वेळ पहिल्यांदाच आली होती. ती उचलून रस्त्यावर आपटली आणि जॅक घ्यायला पुन्हा वाकले, तर खालच्या पत्र्यावर पिवळ्या ऑइलपेंटने काहीतरी लिहिलेलं. बारीक ब्रशने, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक.

खंडेनवमी २००८ – ९,१२०
खंडेनवमी २००९ – ३१,४४५
खंडेनवमी २०१० – ५३,९०२

असं करत करत अकरा ओळी. शेवटची ओळ होती, ‘खंडेनवमी २०१८ – २,३३,४८०.’

मी पुढे गेले, चावी फिरवली आणि मीटर पाहिला. खरं तर पाहायची गरज नव्हती, रोज तो आकडा डोळ्यांसमोर असायचा. त्र्याहत्तर हजार दोनशे.

मी इतिहास शिकवते. कोरीव लेख कसा वाचायचा, साधन अस्सल की बनावट हे कसं ओळखायचं, हे मी दरवर्षी घसा ताणून पोरांना सांगते. आणि माझ्याच डिकीत अख्खा लेख पडून होता, त्याच्यावर मी चार महिने डब्याची पिशवी ठेवत होते. रस्त्यात उभी राहून मी इतक्या मोठ्याने शिवी दिली की समोरून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्याने वळून पाहिलं. मग चाक बदललं. केजला पोचले तेव्हा एक वीस झाले होते. ढाकण्यांच्या कपाटाला कुलूप होतं.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर प्राध्यापक होते. हे काय असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखी राहावं, पण थोडक्यात सांगते. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत. एका कॉलेजच्या तासांवर घर चालत नाही, म्हणून मी सकाळी अंबाजोगाईला शिकवायचे आणि दुपारी केजला. दर सत्राला नवा अर्ज, नवी नेमणूक. अर्जात ‘यापूर्वीचा अध्यापनाचा अनुभव’ असा एक रकाना असे. दोन्हीकडचे बाबू म्हणत, “निरंक लिहा मॅडम,” आणि मी तसं लिहीत असे, म्हणजे अनुभव शून्य. तासाची घाई असायची.

या दोन गावांच्या मधली एस.टी. मात्र तिच्या मर्जीने चालायची. कधी दहा मिनिटं आधीच निघून जाई, कधी तासभर येतच नसे. शेवटच्या दोन वर्षांत माझे इतके तास बुडाले की मे महिन्यात ढाकण्यांनी तोंडावर सांगितलं, “मॅडम, पुढच्या वर्षी वेळेवर पोचणारा माणूस बघावं म्हणायलेत साहेब.” केजचं काम गेलं असतं तर माझं निम्मं घर बंद पडलं असतं. स्कूटीवर एकदा उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचले होते, तो मार्ग बंद होता. भिशीतल्या बायकांच्या हातापाया पडून माझा नंबर आधी लावून घेतला आणि जुनी गाडी शोधायला लागले.

मला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट कोणीतरी डोक्यात घातली होती, की गाडी एक लाखाच्या आत चाललेली हवी. बस. मी दिसेल त्याला तेवढंच विचारायचे. मोंढ्यातल्या एका मेडिकलच्या काचेवर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, पांढरी गाडी विकणे आहे, एका हाताची. फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, “दोन लाख सदतीस हजार चाललीय,” आणि वर क्लच नवा आहे, एसी चालत नाही, असं पुराण लावलं. “मग भंगारात द्या ना,” असं म्हणून मी फोन ठेवला. त्या दिवसांत असे चार-पाच फोन रोज व्हायचे, आणि पांढऱ्या गाड्या तर गावात शंभर होत्या.

मग भागवत शेठ भेटला. रिंगरोडवर पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या दहा-बारा गाड्या उभ्या असत, सगळ्या पॉलिश करून चमकवलेल्या.

“लाखाच्या आतली आहे का?” मी दारातूनच विचारलं.

“आहे ना! या मॅडम, इकडं या. डॉक्टरची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. दुसरीकडं कुठं गेलीच नाही बिचारी. मीटर बघा, मीटर! अडुसष्ट हजार. अकरा वर्षांत अडुसष्ट! नवीन घेतलात तरी अशी मिळायची नाही.”

दुसऱ्या दिवशी मी गफूरभाईंना घेऊन गेले. गफूरभाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवतात, आणि गाडी बिघडलेली असेल तर ‘बिघडली’ आणि चांगली असेल तर ‘चांगली’ एवढंच बोलणारे गृहस्थ. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, गाडीखाली जाऊन आले.

“इंजिन चांगलं आहे, मॅडम. पण हे ब्रेकचं पेडल बघा. रबर पार गुळगुळीत झालंय. अडुसष्ट हजारात असं होत नसतं.”

“डॉक्टरांचा पाय जड असेल,” मी म्हणाले.

गफूरभाईंनी फडक्याला हात पुसले. “तुमची मर्जी.”

एक लाख पस्तीस हजार मोजून मी ती घेतली. घरी आणली तेव्हा गल्लीतल्या बायकांना मी गाडीचा रंग दाखवला नाही, सीट दाखवली नाही. मीटर दाखवला.

तर ती पंक्चरची दुपार. केजहून परत येताना मी घरी न जाता सरळ भागवत शेठच्या शेडमध्ये गाडी घातली. तो खुर्चीत बसून भजी खात होता.

“या मॅडम! कशी चालायली गाडी?”

“भागवत शेठ, ही किती चाललीय म्हणाला होतात?”

“मी कुठं म्हणलो? मीटर म्हणत होता.”

मी मोबाइलवरचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला. त्याने भजी खाली ठेवली, फोटो मोठा करून पाहिला, आणि हसला. तो हसला हे मी आजही विसरलेले नाही.

“अहो, कुणीतरी पोरासोरानं रंगवलं असंल.”

“पोरंसोरं अकरा वर्षं दर खंडेनवमीला येऊन स्टेपनीखाली हिशोब लिहीत होती?”

“मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं. खाली बसा, पाणी घ्या. ह्या धंद्यात सगळेच करतात. खरा आकडा ठेवला तर गिऱ्हाईक गाडीजवळ उभं पण राहत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हा काय विचारलात? इंजिन विचारलात? टायर विचारलात? लाखाच्या आत आहे का, एवढंच विचारलात. मग आम्ही काय करावं?”

“म्हणजे तुम्ही फिरवलात.”

“मी कशाला फिरवू? मी म्हणायलो, सगळे करतात. माझ्याकडं आली तेव्हा अडुसष्टच होता. आधीच्या मालकाला विचारा की! आरसीवर नाव होतं ना त्याचं.”

“मी ग्राहक मंचात जाईन.”

“जावा की. कागदावर सही तुमचीच आहे, गाडी बघून, चालवून, पसंत करून घेतली म्हणून.” आणि त्याने पुन्हा भजी उचलली.

मी मंचात गेले, दीड वर्ष तारखा घेतल्या, तो एकाही तारखेला आला नाही. आता तो प्लॉट विकतो. कुठल्या प्लॉटची किती बाजूंनी मोजणी फिरवतो ते त्याचं त्याला माहीत. पण त्या संध्याकाळी त्याचं एक बोलणं माझ्या डोक्यात घट्ट बसलं. आधीच्या मालकाला विचारा. घरी येऊन जुन्या आरसीची झेरॉक्स काढली. विश्वंभर आपेट, धारूरचा घाट उतरल्यावर लागणारं एक लहानसं गाव. हा डॉक्टर! अकरा वर्षं दोन-सव्वादोन लाख किलोमीटर हिंडला, आणि विकताना मीटर मागे फिरवून साळसूदपणे मोकळा झाला. पांढऱ्या कपड्यातली माणसं अशी, मी स्वतःशी म्हणत होते.

रविवारी सकाळी मी घाट उतरले. उतारावर गाडी छान धावत होती, त्याचाही मला राग येत होता.

गावात डॉक्टरांचं घर कुणीही दाखवलं. अंगणात लिंबाखाली एक सत्तरीचे गृहस्थ पायजमा-बनियनवर, जाड भिंगाचा चष्मा लावून, एका शेळीच्या कानात औषध घालत होते. शेळी उड्या मारत होती. म्हणजे हा डॉक्टर गुरांचा होता. भागवत शेठने तेवढं मात्र खरं सांगितलं होतं, अर्धं.

“आपेट तुम्हीच ना?”

“हो. दोन मिनिटं. हिला धरा जरा, शिंगाला नाही, मानेला.”

आणि मी, भांडायला आलेली बाई, खाली बसून शेळी धरली. पण गप्प बसणं मला जमणार नव्हतं. मी शेळी धरूनच सुरू केलं. तुम्ही शिकलेले, सरकारी नोकरी केलेले, मुक्या जनावरांची सेवा केलेले, तुम्हाला लाज वाटली नाही का, दीड लाखाच्या वर किलोमीटर गिळून टाकलेत, माझी भिशी गेली, माझं काम जायची वेळ आली. शेळी ओरडत होती, मी ओरडत होते. आपेट डॉक्टरांनी शांतपणे दुसऱ्या कानात औषध घातलं, शेळीला सोडलं, हात धुतले. मग ते माझ्याकडे नाही, गाडीकडे गेले. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

“आकडे माझेच आहेत,” ते म्हणाले. “खंडेनवमीला हत्यारं पुजतो आम्ही. सुया, चिमटे, आणि ही. पूजा झाली की त्या वर्षाचा आकडा लिहायचा. घरचे हसायचे, म्हणून स्टेपनीखाली.”

“आणि मीटर?”

“बाई, मला मीटर फिरवायचा असता तर आधी ते आकडे खरवडले नसते का?”

साधन अस्सल की बनावट! पहिल्या वर्षाच्या पोराने दिलं असतं ते उत्तर.

“मी विकली तेव्हा दोन लाख सदतीस हजार होता,” ते म्हणाले. “भागवत शेठच्या हातात चावी दिली तेव्हाही तेवढाच होता.”

दोन लाख सदतीस. हा आकडा मी कुठे ऐकला आहे हे मला आठवायच्या आधी त्यांनाच आठवलं. त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

“तुमचा आवाज ऐकल्यासारखा वाटायलाय. मेमध्ये तुम्ही फोन केला होता का? मोंढ्यातल्या मेडिकलवर चिठ्ठी लावलेली.”

मी हाताला चिकटलेले शेळीचे केस झटकले.

“भंगारात द्या म्हणलात.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं.

“ही... हीच गाडी?”

“हीच. डोळ्याला कमी दिसायलं म्हणून काढली. पासष्ट हजार सांगणार होतो. तुम्ही किंमत विचारलीच नाही. तुमच्यासारख्या अजून तिघांना खरं सांगितलं, तिघांनी फोन ठेवला. मग भागवत शेठ आला. त्यानं किती चाललीय ते विचारलंच नाही. मला वाटलं, चला, एक तरी माणूस गाडी बघून घ्यायला आला.”

म्हणजे फुकटात खरं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडावर मी फोन आपटला होता, आणि तीच गाडी दुपटीहून जास्त पैसे देऊन खोट्यासकट विकत घेतली होती. अंगणात उभ्या उभ्या माझे कान तापले. त्यांची पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तिच्यासमोर रडू नये म्हणून मी शेळीकडे बघत राहिले.

“जाऊ द्या,” डॉक्टर म्हणाले. “वही नीट वापरता ना?”

“कसली वही?”

“त्यानं वही दिली नाही?” पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “गाडीसोबत वही दिली होती मी! काय कधी बदललं, किती किलोमीटरला बदललं, सगळं. पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलं होतं. टायमिंग बेल्ट एक लाख साठ हजाराला घातलाय, दोन लाख चाळीसच्या आत बदलायचा. आता मीटर किती?”

“त्र्याहत्तर हजार चारशे. घेतली तेव्हा अडुसष्ट होता.”

त्यांनी बोटांवर हिशोब केला. अडुसष्टपासून पाच हजार चारशे. दोन लाख सदतीसमध्ये मिळवले. “दोन लाख बेचाळीस हजार चारशे. आणि तुम्ही आज घाट उतरून आलात?”

“हो.”

ते बाजेवर बसले. “अहो बाई. हा पट्टा तुटला की इंजिन जागेवर बंद पडतं. आतलं सगळं एकमेकावर आपटतं, इंजिन कामातून जातं ते वेगळंच. पण उतारावर स्टेअरिंग दगडासारखं होतं, ब्रेक नीट लागत नाही. वळणावर तुटला असता तर?”

मला तो पट्टा माहीत होता. गाडी घेतली तेव्हा गफूरभाईंनी सांगितलं होतं, ऐंशी हजाराला टायमिंग बेल्ट बदलू. मी कॅलेंडरवर लिहूनही ठेवलं होतं. माझ्या मीटरप्रमाणे अजून साडेसहा हजार बाकी होते. मी निष्काळजी नव्हते. मी अगदी नियमाने, खोट्या आकड्याची काळजी घेत होते.

तोवर मला वाटत होतं की भागवत शेठने माझे पैसे खाल्ले. पैसे गेले तर माणूस चरफडतो आणि सोडून देतो. पण त्याने ती वही फाडली होती, किंवा चुलीत घातली होती, कारण वही राहिली असती तर त्याचा अडुसष्ट खोटा पडला असता. लाल शाईतली ती ओळ त्याने नक्की वाचली असणार. वाचली, आणि बाईला गाडीत बसवून हसत हसत टाटा केला.

डॉक्टरांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. मी गफूरभाईंना फोन केला. ते दुपारी मोटरसायकलवर नवा पट्टा घेऊन आले आणि लिंबाखालीच काम मांडलं. जुना पट्टा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. आतून सगळीकडे भेगा पडल्या होत्या आणि दोन दात गळून गेले होते.

“पेडल म्हणलो होतो ना मॅडम,” गफूरभाई म्हणाले.

“हो,” मी म्हणाले.

निघताना डॉक्टरांनी आतून पिवळ्या ऑइलपेंटची डबी आणि एक बारीक ब्रश आणून दिला. “यंदापासून तुम्ही लिहा.”

“एवढा मोठा आकडा लिहायला तुम्हाला कधी कसंसं वाटलं नाही?”

“कसंसं?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “रात्री-बेरात्री अडलेल्या म्हशी सोडवायला ह्या गाडीतनं गेलोय मी. बाई, चालली म्हणून आकडा आहे. त्याची लाज कशाची?”

आठवडाभराने खंडेनवमी आली. मी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, इतिहासाची चार पुस्तकं आणि खडूचा डबा तिच्यासमोर मांडला. स्टेपनी काढून शेवटच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली. माझं अक्षर त्यांच्याइतकं सुवाच्य आलं नाही. आणि डॅशबोर्डवर मीटरखाली एक पट्टी चिकटवली, ‘या आकड्यात एक लाख एकोणसत्तर हजार मिळवावेत.’ जो गाडीत बसे तो वाचून हसे. मी हसू देत असे.

दिवाळीनंतर केजला दुसऱ्या सत्राचे अर्ज भरायचे होते. ढाकण्यांच्या टेबलासमोर मी उभी राहून अर्ज भरत होते. नाव, पत्ता, शिक्षण, विषय. नवव्या रकान्याशी आले. यापूर्वीचा अध्यापनाचा अनुभव.

“निरंक लिहा मॅडम,” ढाकणे मान वर न करता म्हणाले.

मी पेन टेकवलं. सवयीने ‘नि’ लिहिलाही. आणि तिथेच हात थांबला.

नऊ वर्षं. वर्षाला दोन सत्रं. अठरा वेळा मी या रकान्यात निरंक लिहिलं होतं. भागवत शेठने निदान माझ्या पाठीमागे मीटर फिरवला होता. इथे तर मी स्वतः येत होते, स्वतःच्या पेनाने, स्वतःच्या अक्षरात, दर सहा महिन्यांनी स्वतःला शून्यावर नेऊन ठेवत होते, वर तारीख घालून सही करत होते. माझ्या हाताखालून गेलेली पोरं फौजदार झाली, तलाठी झाली, एक तर याच कॉलेजात कायम प्राध्यापक झाला, आणि मी कागदावर आजच शिकवायला निघालेली. मला त्या क्षणी ढाकण्यांचा जितका राग आला त्याच्या दसपट माझा आला.

मी ‘नि’ खोडला आणि लिहिलं, नऊ वर्षे, चार महिने.

ढाकण्यांनी अर्ज ओढून घेतला. “हे काय लिहिलात?”

“खरं लिहिलं.”

“अहो, सगळे निरंकच लिहितात. खरं लिहिलं तर संस्था दारात पण उभं करत नाही. उद्या तुम्ही कोर्टात जाणार, पर्मनंट करा म्हणणार. मग आम्ही काय करावं?”

तेच. अक्षराचा फरक नाही, तेच. फक्त भजी नव्हती.

“ढाकणे, तुम्हाला माहीत आहे मी नऊ वर्षं इथे येतेय. माझं मस्टर तुम्हीच कपाटात ठेवता. एक वाजून पाच मिनिटांनी.”

“मला माहीत असून काय उपयोग? कागदाला माहीत नको.” त्यांनी व्हाइटनरची बाटली माझ्याकडे सरकवली. आवाज जरा मऊ केला. “मॅडम, गाडी घेतलीय तुम्ही. वेळेवर यायलात आता. साहेब पण खूश आहेत. एवढी एक ओळ. खोडा आणि विषय संपवा.”

मला हे काम हवं होतं. ते काम राहावं म्हणूनच तर भिशी उचलली होती, गाडी घेतली होती, घाटात मरता मरता वाचले होते. ते मी विसरले नव्हते. मी ती बाटली उचलली, तिचं झाकण घट्ट लावलं आणि पर्समध्ये टाकली.

“अहो मॅडम, ती ऑफिसची आहे!”

“नवी मागवा. खर्चाच्या रकान्यात निरंक लिहा.”

चार दिवसांनी केजच्या नोटीस बोर्डावर यादी लागली. इतिहासासमोर दुसरंच नाव होतं. पाहिलं, खाली आले, गाडीत बसले. दार लावल्यावर मनातल्या मनात हिशोब मांडला. निम्मं घर बंद. आता या गाडीचं मी काय करणार होते, तेही कळत नव्हतं. काही न सुचून आपेट डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, केजचं काम गेलं.”

“का?”

“खरा आकडा लिहिला.”

पलीकडे शेळी ओरडली. मला वाटलं, आता हे माझी समजूत घालतील.

“मीटर किती झालाय?” त्यांनी विचारलं.

“दोन लाख चव्वेचाळीस हजार सहाशे,” मी म्हणाले. पट्टीकडे बघावं लागलं नाही.

“मग ऑइल बदलायला आलंय. आणि उभी ठेवू नका तिला. उभी राहिली की बिघडते.”

मी फोन ठेवला. केजमध्ये माझ्यासारखे निरंकवाले आणखी सहा जण होते, त्यांचेही खरे आकडे कागदावर यायला हवे होते. त्यातलं पहिलं घर बसस्टँडच्या मागे होतं. मी चावी फिरवली आणि गाडी तिकडे वळवली.